ब्राउझर-चाचणीतील प्रतीक्षा : कालमापनाचा प्रश्न की लक्षणाचा?

१. प्रश्नाचे स्वरूप

संकेतस्थळाची चाचणी घेणारा माणूस पानाकडे पाहत असतो. बटण दाबल्यावर यादी यावयास दोन सेकंद लागले, तर तो दोन सेकंद थांबतो. पाच लागले, तर पाच थांबतो. आणि आपण थांबलो होतो ही गोष्ट त्याच्या ध्यानातही राहत नाही. हेच काम प्रोग्रामकडे सोपविले की ह्या थांबण्याला नियम द्यावा लागतो. पानाची रचना प्रोग्राम माणसापेक्षा अधिक बारकाईने वाचू शकतो. परंतु ती केव्हा वाचावी, हे त्याला आपोआप समजत नाही. पान पुरते बदलण्यापूर्वी त्याने ते वाचले, तर निर्दोष संकेतस्थळ सदोष ठरते आणि, ह्याहून वाईट म्हणजे, सदोष संकेतस्थळ कधी कधी निर्दोष ठरते.

स्वयंचलित ब्राउझर-चाचणीतील ही अडचण सामान्यतः 'किती वेळ थांबावे' अशा शब्दांत मांडली जाते. प्रश्नाची ही मांडणीच दिशाभूल करणारी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. चाचणीने किती वेळ थांबावे हा मूळ प्रश्न नसून, कोणती स्थिती आली म्हणजे बदल पूर्ण झाला असे म्हणावे, हा आहे. म्हणजेच हा कालमापनाचा प्रश्न नसून लक्षण करण्याचा, व्याख्येचा, प्रश्न आहे. लक्षण कसे करावे व त्यात कोणते दोष संभवतात, ह्याचा विचार भारतीय तर्कशास्त्रात फार काटेकोरपणे झालेला आहे. त्यातील काही परिभाषा येथे उपयोगात आणली आहे. ती केवळ अलंकार म्हणून नव्हे, तर तिच्यामुळे दोषांची वर्गवारी स्पष्ट होते म्हणून.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

वेबच्या आरंभीच्या काळात पान ही एकसंध वस्तू होती. वाचकाने दुव्यावर बोट ठेवले की जुने पान जाई आणि नवे पान सर्व्हरकडून संपूर्ण येई. १९९५ साली ब्रेंडन आइक ह्यांनी नेटस्केप ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली व पानाला स्वतःत बदल करण्याचे सामर्थ्य आले. १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत, पान न सोडता सर्व्हरकडे विनंती पाठविण्याची सोय झाली. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स ह्यांनी ह्या सोयीचे सामर्थ्य सर्वसामान्यांच्या प्रत्ययास आणून दिले, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट ह्यांनी ह्या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले. त्या नावातील पहिले अक्षर 'असिंक्रोनस' ह्या शब्दाचे आहे. मराठीत त्यास 'असमकालिक' म्हणता येईल : विनंती एका क्षणी जाते, उत्तर दुसऱ्या एखाद्या क्षणी येते, आणि मधल्या काळात पान थांबून राहत नाही.

योगायोग असा की, ब्राउझर प्रोग्रामच्या हाती देऊन चाचणी घेण्याचे सर्वांत प्रसिद्ध साधन, सेलेनियम, हेही २००४ सालचेच. शिकागो येथे थॉटवर्क्स ह्या संस्थेत काम करीत असता जेसन हगिन्स ह्यांनी ते सुरू केले. पुढे सायमन स्ट्युअर्ट ह्यांच्या वेबड्रायव्हर ह्या साधनाशी त्याचा संयोग झाला, आणि वेबड्रायव्हरला जून २०१८ मध्ये डब्ल्यू-थ्री-सी ह्या मानक-संस्थेची मान्यता मिळाली. ज्या वर्षांत पान असमकालिक होत गेले, त्याच वर्षांत त्याची चाचणी स्वयंचलित होत गेली. रोग आणि तपासणी ह्यांची वाढ अशी बरोबरीने झाली.

३. दोन स्वतंत्र प्रवाह

अडचणीचे मूळ कोठे आहे, हे पाहण्यासाठी ब्राउझरची कार्यपद्धती थोडी समजून घेतली पाहिजे. पानातील जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते. बटण दाबले जाणे, सर्व्हरचे उत्तर येणे, ठरविलेली वेळ भरणे ह्या साऱ्या घटना रांगेत उभ्या राहतात. एक काम संपले की पुढचे हाती घेतले जाते, आणि अशा कामांच्या मधल्या अवकाशात पडद्यावरील चित्र नव्याने रेखाटले जाते. उत्तर केव्हा येईल हे जाळ्यातील गर्दी, सर्व्हरवरील भार आणि संगणकाची गती ह्यांवर अवलंबून असते. म्हणून रांगेतील घटनांचा क्रम प्रत्येक वेळी तोच राहील, असे सांगता येत नाही.

वेबड्रायव्हरच्या पद्धतीत चाचणीचा प्रोग्राम ह्या रांगेच्या बाहेर, एका वेगळ्याच प्रक्रियेत चालत असतो. तो ब्राउझरला एकामागून एक आज्ञा पाठवितो : हे बटण दाब, हा मजकूर वाच. 'बटण दाब' ह्या आज्ञेचे काम बटण दाबले गेले की संपते. दाबल्यामुळे जे काही पुढे घडावयाचे आहे ते घडले की नाही, ह्याची जबाबदारी त्या आज्ञेवर नसते. क्रियापदांच्या भाषेत बोलावयाचे तर, 'दाबले' हे पूर्ण झालेले असते आणि 'बदलत आहे' हे अपूर्णच असते. लगेच दिलेली 'वाच' ही आज्ञा ह्या दोहोंच्या मध्ये कोठे पडेल, ह्याचा नेम नसतो.

पान 'पूर्णपणे आले' अशी ग्वाही ब्राउझर स्वतः देतो, हे खरे. परंतु ती ग्वाही मूळ दस्तऐवज आणि त्याच्याबरोबरची चित्रे, शैली इत्यादींपुरती असते. त्यानंतर जावास्क्रिप्टने स्वतंत्रपणे मागविलेल्या माहितीविषयी ती काहीही सांगत नाही. आजच्या बहुतेक पानांत वाचकाला हवा असलेला भाग नेमका ह्यानंतरच येतो.

४. ठरावीक थांबा आणि त्याचे गणित

ह्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे ठरावीक काळ थांबणे. व्यवसायात ह्याला 'स्लीप' म्हणतात. बटण दाबावे, दोन सेकंद झोपावे, मग वाचावे. ह्या उपायाचा दोष एका साध्या हिशेबाने दाखविता येतो.

समजा, एका संकेतस्थळासाठी ४०० चाचण्या आहेत, प्रत्येकीत ३ थांबे आहेत आणि प्रत्येक थांबा २ सेकंदांचा आहे. एका फेरीत २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटे, केवळ थांबण्यात जातील. प्रत्यक्ष उत्तर सरासरीने ०.३ सेकंदांत येत असेल, तर खरी गरज ३६० सेकंदांची, म्हणजे ६ मिनिटांचीच होती. हा झाला अपव्यय. आता दुसरी बाजू. हजारांतून एकदा उत्तरास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि हे विलंब परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे धरू. मग १,२०० थांब्यांपैकी किमान एक तोकडा पडण्याची संभाव्यता सुमारे ७० टक्के होते. म्हणजे संकेतस्थळात कोणताही दोष नसताना दहांपैकी सात फेऱ्यांत कोठेतरी लाल खूण उमटेल. थांबा वाढविला तर अपव्यय वाढतो, कमी केला तर खोटे अपयश वाढते. ह्या पेचातून सुटका होईल असा सेकंदांचा आकडा अस्तित्वात नाही. कारण जो प्रश्न पानाविषयीचा आहे, त्याचे उत्तर येथे घड्याळाकडे मागितले जात आहे.

कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या अशा चाचणीला व्यवसायात 'फ्लेकी' म्हणतात. तिला मराठीत 'लहरी' म्हणणे सयुक्तिक ठरेल. ह्या लहरीपणाचे प्रमाण उपेक्षणीय नाही. गूगलमधील जॉन मिको ह्यांनी २०१६ साली दिलेल्या माहितीनुसार, तेथील सुमारे १६ टक्के चाचण्यांत कमीअधिक लहरीपणा आढळला होता. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली ५१ मुक्तस्रोत प्रकल्पांतील २०१ दुरुस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ ब्राउझरच्याच नव्हे, तर सर्व प्रकारच्या चाचण्यांचा त्यात समावेश होता. ज्या दुरुस्त्यांचे कारण निश्चित करता आले, त्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांचे मूळ असमकालिक प्रतीक्षेत होते.

लहरीपणाची खरी हानी वेळेची नसून विश्वासाची असते. लाल खूण वारंवार खोटी ठरू लागली की काम करणारे लोक 'पुन्हा चालवून पाहू' असे म्हणू लागतात. आणि एके दिवशी खरा दोष दाखविणारी लाल खूणही त्याच सवयीने बाजूस सारली जाते. लांडगा आला रे आला, ह्या गोष्टीतील गावकऱ्यांचा दोष जेवढा, तेवढाच ह्या लोकांचा.

५. अटीची प्रतीक्षा

दुसरा आणि योग्य दिशेचा उपाय म्हणजे काळाऐवजी अट सांगणे. 'अमुक स्थिती दिसेपर्यंत थांब. ती दिसताच पुढे जा. मात्र दहा सेकंदांत दिसली नाही, तर अपयश नोंदव.' सेलेनियममध्ये ह्याला 'एक्स्प्लिसिट वेट' म्हणतात. हे साधन सामान्यतः दर अर्ध्या सेकंदाला पानाकडे पाहते. येथेही सेकंदांचा आकडा आहे, पण त्याची भूमिका बदललेली आहे. स्लीपमधील आकडा हे नेहमीच पूर्ण सोसावे लागणारे मूल्य असते. येथील आकडा ही केवळ कमाल मर्यादा आहे. ती उदारपणे ठेवली, तरी यशस्वी चाचणीला त्याची झळ लागत नाही.

ह्याच साधनात 'इम्प्लिसिट वेट' नावाची आणखी एक सोय आहे. ती एकदा लावली की प्रत्येक घटक शोधताना तो मिळेपर्यंत थांबले जाते. परंतु घटक पानाच्या रचनेत आहे, एवढेच ती पाहते. तो दृश्य आहे की नाही, त्यातील मजकूर नवा आहे की जुना, ह्याची ती विचारपूस करीत नाही. शिवाय दोन्ही सोयी एकत्र वापरल्यास एकूण प्रतीक्षा किती होईल, ह्याचे अनुमान करणे कठीण होते. म्हणून सेलेनियमचे मार्गदर्शकच त्यांची सरमिसळ करू नये, असे सांगतात.

अटीची प्रतीक्षा स्वीकारली की सारा भार 'अट कोणती' ह्या प्रश्नावर येऊन पडतो. सामान्य विवेचने बहुधा येथेच थांबतात; वास्तविक खरे विवेचन येथून सुरू झाले पाहिजे.

६. अटीचे तीन दोष

अट म्हणजे 'बदल पूर्ण झालेले पान' ह्या वस्तूचे लक्षण होय. लक्षणाचे तीन दोष परंपरेने सांगितलेले आहेत : अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. 'जिला शिंगे असतात ती गाय' हे लक्षण म्हशीलाही लागू पडते, ही अतिव्याप्ती. 'जी कपिल वर्णाची ती गाय' हे पांढऱ्या गायीला लागू पडत नाही, ही अव्याप्ती. 'जिचे खूर अखंड असतात ती गाय' हे कोणत्याच गायीला लागू पडत नाही, हा असंभव. प्रतीक्षेच्या अटींत हे तीनही दोष जसेच्या तसे आढळतात.

उदाहरणासाठी एखाद्या मराठी शब्दकोशाच्या संकेतस्थळाची कल्पना करावी. वरच्या चौकटीत शब्द टाइप केला की खाली जुळणाऱ्या नोंदींची यादी येते. प्रथम 'घर' हा शब्द शोधलेला आहे व त्याची यादी पडद्यावर आहे. आता चाचणी चौकटीत 'क्षमा' हा शब्द टाकते.

'यादीत किमान एक नोंद दिसावी' ही अट घातली, तर ती तत्क्षणी पुरी होते. कारण 'घर'ची यादी अजून जागेवरच आहे. नव्या स्थितीबरोबर जुन्या स्थितीलाही लागू पडणारे हे लक्षण अतिव्याप्त होय. चाचणी न थांबताच पुढे जाते आणि जुना मजकूर वाचते. अतिव्याप्तीचा हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो, कारण अट लिहिणाऱ्याच्या मनात नवी स्थितीच असते, जुनीचा त्याला विसर पडलेला असतो.

'यादीत १० नोंदी दिसाव्यात' ही अट, चारच नोंदी असलेल्या शब्दाला लागू पडत नाही. 'माहिती येत आहे अशी खूण प्रथम दिसावी आणि मग नाहीशी व्हावी' ही अट अधिक चांगली वाटते. परंतु उत्तर इतके त्वरित आले की खूण दोन पाहण्यांच्या दरम्यान येऊन गेली, तर ती चाचणीला कधीच दिसत नाही व चाचणी थांबूनच राहते. यशस्वी स्थितींपैकी काहींना वगळणारी अशी लक्षणे अव्याप्त होत. वेगवान यंत्रावर चाचणी अयशस्वी व्हावी आणि संथ यंत्रावर यशस्वी, हा चमत्कारिक अनुभव बहुधा ह्याच दोषाचा असतो.

असंभवाचे उदाहरण मराठी लिपीतच मिळते. 'वाऱ्याचा' ह्या रूपातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो : एक, 'ऱ' हे अक्षर आणि हलन्त, दुसरी, 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; प्रोग्रामच्या लेखी मात्र त्या भिन्न अक्षरमाला आहेत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही त्या एक होत नाहीत. कोशात एक रीत आणि चाचणीत दुसरी असेल, तर 'यादीत हे रूप दिसावे' ही अट कधीही पुरी होणार नाही. चाचणीच्या अहवालात 'वेळ संपली' एवढेच उमटते, आणि ते वाचून मर्यादा ५ सेकंदांवरून ३० सेकंदांवर नेली जाते. दोष लक्षणाचा असताना काळाला औषध देण्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

मग निर्दोष लक्षण कोणते? यादीने आपण कोणत्या शब्दाचे उत्तर आहोत हे स्वतः सांगावे आणि चाचणीने तेच पाहावे : 'क्षमा : ४ नोंदी', किंवा नोंदी नसल्यास 'क्षमा : नोंद आढळली नाही'. ही अट जुन्या यादीला लागू पडत नाही, आणि नव्या यादीच्या सर्व संभाव्य रूपांना लागू पडते.

ह्या लक्षणाचा आणखी एक लाभ आहे. 'क्षमा' हा शब्द युनिकोडमध्ये पाच एककांचा आहे : क, हलन्त, ष, म आणि काना. प्रत्येक एककाबरोबर पान विनंती पाठवीत असेल, तर एका शब्दासाठी पाच विनंत्या जातात आणि त्यांची उत्तरे पाठविल्याच्याच क्रमाने येतील, असे नाही. केवळ 'क'पासून सुरू होणाऱ्या शब्दांची मोठी यादी सर्वांत शेवटी आली, तर चौकटीत 'क्षमा' आणि खाली 'कंकण', 'कंगवा' असा प्रकार घडतो. हा चाचणीचा नव्हे, संकेतस्थळाचा खरा दोष आहे. ठरावीक थांब्याची चाचणी त्याला कधी पकडते, कधी सोडते. त्याला हमखास पकडावयाचे असेल, तर चाचणीनेच सर्व्हरची उत्तरे मध्ये अडवून ठेवावीत, शेवटच्या विनंतीचे उत्तर आधी सोडावे, पहिलीचे मागून सोडावे आणि यादी 'क्षमा'चीच राहते का, हे पाहावे. आजची बहुतेक साधने अशी अडवणूक करू देतात. योगायोगावर सोपविलेला क्रम ह्या रीतीने चाचणीच्या स्वाधीन होतो.

७. अभावाची चाचणी

आतापर्यंत एखादी गोष्ट 'आहे' असे सांगणाऱ्या चाचण्यांचा विचार झाला. 'नाही' असे सांगणाऱ्या चाचण्या अधिक फसव्या असतात, आणि त्यांची फसवणूक सहसा उघडकीस येत नाही.

समजा, अर्ज भरून 'पाठवा' हे बटण दाबल्यावर चुकीचा संदेश दिसू नये, अशी चाचणी आहे. बटण दाबले, लगेच पाहिले, संदेश नाही, चाचणी उत्तीर्ण. परंतु संदेश अर्ध्या सेकंदानंतर येणार होता. उशिरा येणाऱ्या गोष्टीच्या अस्तित्वाची चाचणी घाईने घेतली, तर ती निदान अनुत्तीर्ण तरी होते आणि कोणीतरी चौकशी करतो. तिच्या अभावाची चाचणी घाईने घेतली, तर ती हिरवी खूण देऊन मोकळी होते.

वैशेषिकांनी अभावाचे प्रकार सांगितले आहेत. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव. नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. तिन्ही काळी असणारा तो अत्यंताभाव. (चौथा, अन्योन्याभाव, येथे प्रस्तुत नाही.) वरील चाचणीने पाहिला तो प्रागभाव आणि अहवालात लिहिला तो अत्यंताभाव. 'माहिती येत आहे ही खूण नाहीशी व्हावी' ह्या अटीतही हीच गल्लत होते : अपेक्षित असतो प्रध्वंसाभाव, पण खूण अद्याप उमटलीच नसेल, तर प्रागभावानेही अट पुरी होते आणि चाचणी वेळेपूर्वीच पुढे सरकते.

ह्यावरील उपायही परंपरेच्या विचारात सापडतो. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु त्याला अट घातली ती योग्यतेची. वस्तू असती, तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल, तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही, तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. अभावाच्या चाचणीला हीच योग्यता प्राप्त करून द्यावी लागते. प्रथम एखाद्या भावरूप खुणेची प्रतीक्षा करावी. उदाहरणार्थ, 'अर्ज मिळाला' हे वाक्य. संदेश यावयाचा असता तर ह्या खुणेच्या आधीच किंवा तिच्याबरोबरच आला असता, एवढे पानाच्या रचनेवरून निश्चित करावे, आणि मगच संदेश नाही असे म्हणावे. अभावाच्या प्रत्येक विधानापूर्वी एक भावाचे विधान असावे, हा नियम चाचणी लिहिणाऱ्याने सहसा मोडू नये.

हा नियम चाचणीपुरता मर्यादित नाही. भाषेचे नमुने गोळा करण्यासाठी हीच साधने वापरली जातात. पान खाली सरकविले असता आणखी नोंदी आणणाऱ्या संकेतस्थळावरून शब्द गोळा करताना पहिल्याच हप्त्यावर थांबणारा प्रोग्राम कोणतीही तक्रार करीत नाही. तो केवळ कमी नोंदी देतो. 'अमुक प्रयोग ह्या संग्रहात आढळत नाही' असे विधान त्यावरून केले गेले, तर ते अंधारातील घटासारखे असते.

८. साधनांची मर्यादा

अलीकडच्या साधनांनी प्रतीक्षेचा पुष्कळ भार स्वतःकडे घेतला आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० साली प्रसृत केलेले प्लेराइट हे साधन बटण दाबण्यापूर्वी ते दृश्य आहे का, स्थिर आहे का, कार्यक्षम आहे का आणि दुसऱ्या घटकाने झाकलेले तर नाही ना, हे स्वतः पाहते. येथे 'स्थिर' ह्याचीही व्याख्या आहे : लागोपाठच्या किमान दोन चित्रचौकटींत घटकाची जागा व आकार तेच असावेत. सायप्रेस हे साधन घटक शोधताना, वेगळे न सांगितल्यास, चार सेकंदांपर्यंत पुनःपुन्हा पाहते.

ह्या साधनांनी आणखी एक सुधारणा केली. जुन्या पद्धतीत चाचणी एखादा घटक शोधून तो जणू हातात धरून ठेवी. मधल्या काळात पानाने तो घटक काढून त्याच्या जागी तसाच दुसरा बसविला की हातातील घटक निर्जीव होई. सेलेनियममध्ये ह्याला 'स्टेल एलिमेंट' म्हणतात. नवी साधने घटक धरून ठेवीत नाहीत, त्याचे वर्णन धरून ठेवतात आणि प्रत्येक वेळी त्या वर्णनाला जुळणारा घटक नव्याने शोधतात.

तथापि, बटण दाबण्यास योग्य आहे हे साधन ओळखू शकते. दाबल्यानंतर काय घडावयास हवे होते, हे ओळखू शकत नाही. ते ज्ञान चाचणी लिहिणाऱ्यापाशीच असते. 'जाळ्यावरील हालचाल अर्धा सेकंद थांबली म्हणजे पान तयार' असा सर्वसाधारण नियम करून पाहण्यात आला आहे, पण त्यातही पूर्वोक्त दोष आहेतच. काही पाने टाइप करणे थांबल्यावर क्षणभर वाट पाहून मग विनंती पाठवितात. त्या क्षणभरातही जाळे शांतच असते, ही अतिव्याप्ती. काही पाने अखंड काही ना काही मागवीत असतात व जाळे कधी शांत होतच नाही, ही अव्याप्ती. प्लेराइटचे मार्गदर्शकही चाचणीसाठी ह्या नियमावर विसंबू नये, असेच सांगतात. अनुत्तीर्ण चाचणी आपोआप पुन्हा चालविण्याची सोयही ह्याच वर्गातली : तिने अहवाल हिरवा होतो, लक्षण सुधारत नाही.

९. पानाचे कर्तव्य

निर्दोष अट लिहिता येण्यासाठी पानाने आपली स्थिती कोठेतरी प्रकट केलेली असली पाहिजे. यादी कोणत्या शब्दाची आहे, काम चालू आहे की संपले, हे पान सांगतच नसेल, तर अत्यंत कुशल परीक्षकही अंदाजावरच चालणार. येथे असा आक्षेप येईल की, केवळ चाचणीच्या सोयीसाठी पानात खुणा का घालाव्यात?

ह्याचे उत्तर असे की, चाचणीचा प्रोग्राम हा पान न पाहता वाचणारा एकमेव वाचक नव्हे. अंध वाचक पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणाऱ्या साधनाच्या आधारे पान वाचतात. यादी बदलली हे डोळस वाचकाला दिसते. अंध वाचकाला ते पानाने सांगावे लागते. ह्यासाठी मानकांत तरतूद आहे. मार्च २०१४ मध्ये डब्ल्यू-थ्री-सीने मान्य केलेल्या 'एरिया' ह्या मानकात, पानाचा एखादा भाग सध्या बदलत आहे असे सांगणारी खूण आणि स्थितिदर्शक संदेशासाठी वेगळी भूमिका, अशा दोन्ही सोयी आहेत. जून २०१८ मधील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ ह्या आवृत्तीत, असे संदेश लक्ष तेथे न नेताही वाचकाला कळावेत, असा स्वतंत्र निकष घालण्यात आला. 'क्षमा : ४ नोंदी' हे वाक्य ह्या रीतीने लिहिले, तर अंध वाचकाला ते ऐकू येते आणि चाचणीला तेच लक्षण म्हणून वापरता येते. ज्या पानाची चाचणी अंदाजाशिवाय घेता येत नाही, ते पान बहुधा अशा वाचकालाही अंदाजावरच सोडते. चाचणीतील लहरीपणा हा म्हणून कित्येकदा पानातील मौनाचा पुरावा असतो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. असमकालिक पानात क्रिया आणि तिचा परिणाम ह्यांच्यामधील अंतर अनिश्चित असते. म्हणून घड्याळावर आधारलेली प्रतीक्षा एकाच वेळी दीर्घ आणि अपुरी ठरते. प्रतीक्षा अटीवर आधारावी आणि ती अट लक्षणाच्या कसोटीस लावावी : जुन्या स्थितीला ती लागू पडते काय? नव्या स्थितीच्या सर्व रूपांना लागू पडते काय? ती मुळात पुरी होणे शक्य आहे काय? अभावाचे विधान करावयाचे असल्यास, वस्तू असती तर दिसली असती अशी योग्यता आधी सिद्ध करावी. आणि ज्या पानात असे लक्षण सापडत नाही, त्या पानात सुधारणा सुचवावी.

'वेळ संपली' असा अहवाल आला असता मर्यादेचा आकडा वाढविण्यापूर्वी हे प्रश्न विचारले गेले, तर बहुतेक वेळा आकड्याला हात लावण्याची गरजच पडणार नाही.